बंद दाराआडचं बोलणं

पंधरा वर्षं मावशींनी शेजारपाजारची भांडणं मिटवली ती आपल्या स्वयंपाकघरात बसून. आता मध्यस्थांसाठी नियम आले होते, प्रशिक्षण आलं होतं. आज शेवटची परीक्षा होती: भांडण खरंखुरं, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या परीक्षकबाई.

समोर दोघी बहिणी. शिवणकामाचं दुकान दोघींचं मिळून, पण थोरलीला आता वेगळं व्हायचं होतं. नियमाप्रमाणे मावशी दोघींशी वेगवेगळं बोलल्या. दार लागल्यावर धाकटी म्हणाली, "हल्ली मला अंधुक दिसतं. सुईत दोरा ओवता येत नाही. ताईला सांगू नका, ती मला दुकानात पाऊल टाकू देणार नाही."

"नाही सांगणार," मावशींनी शब्द दिला.

पुन्हा सगळ्या एकत्र बसल्या आणि थोरलीनं तोंडाचा पट्टा सोडला. "कामचुकार झालीय ही. हिची शिवण उसवून मलाच परत घालावी लागते. नुसती टंगळमंगळ."

धाकटीची मान खाली. मावशी जुन्या सवयीनं बोलून गेल्या, "अहो, तिला नीट दिसलं तर ना…"

जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. परीक्षकबाईंचं पेन थांबलं. सारवासारव करता आली असती. दोन-तीन वाक्यं ओठांवर आलीही.

"चूक माझी," मावशी म्हणाल्या. "यांनी विश्वासानं सांगितलं होतं. तुम्हाला दुसरा मध्यस्थ मागता येईल."

धाकटी उठून चालती झाली. मागोमाग थोरली. जिन्यातून दोघींचे आवाज येत राहिले, आधी चढे, मग हळू. थोड्या वेळानं थोरली एकटीच पर्स न्यायला आली.

"आधी डॉक्टरांकडे जातोय. दुकानाचं मग बघू. पण ती तुमच्यासमोर परत बसणार नाही म्हणते."

"बरोबरच आहे तिचं."

ती गेल्यावर मावशी चाचरत म्हणाल्या, "मिटेलसं वाटतंय."

"मिटेलही," परीक्षकबाई म्हणाल्या. "पण उद्या एखादी नवऱ्याच्या माराबद्दल सांगेल, आणि तेही असंच निसटलं तर?"

सहा महिन्यांनी परत परीक्षा द्यायची ठरली.

घराच्या दारातच शेजारीण भेटली. "झालात पास?"

"नाही."

"अगंबाई, का? काय झालं?"

मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं. "ते सांगता यायचं नाही," म्हणत त्यांनी कुलूप काढलं.