मुक्ताच्या दारातला तांब्या

अनंतराव तुंगभद्रेच्या काठी तापाने वारले.

मित्रांनो, हे वाक्य मी बोललोच नाही. तुम्ही वाचलेलेही नाही. आपण नीट पहिल्यापासून सुरू करू.

मी कसबा पेठेतला एक जुना, तांब्याचा तांब्या आहे. नाव ठेवताना कोणी फार डोके चालवलेले दिसत नाही. पेशव्यांच्या राज्यात तांबट आळीत माझा जन्म झाला. तांबटाने मला हातोडीने इतके ठोकले, की दुसरा कोणी असता तर जन्माचा चिडका झाला असता. मी चकचकीत झालो.

मथुराबाई मला घरी घेऊन आल्या. त्या ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. मुलगा अनंतराव आणि सून मुक्ता, एवढेच घर. त्या घराचा एक नियम होता. बाहेरून कोणीही येवो, हसत किंवा तणतणत, त्याने आधी ओसरीवर बसायचे. गुळाचा खडा तोंडात टाकायचा, ओंजळ पुढे करायची आणि माझ्यातले पाणी संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही.

"आधी पोट गार होऊ दे. मग डोक्यातलं काढा," मथुराबाई म्हणत.

नियम चांगला होता. शेजारचे दोन भाऊ एकदा मांजर कोणाचे यावरून भांडत आले. पाणी प्यायले. मग मांजर तिसऱ्याचेच आहे हे दोघांना आठवले आणि ते घरी गेले. एकदा आमटी खारट झाली म्हणून अनंतराव पानावरून उठून ओसरीवर आले. मुक्ताने माझी धार धरली. मी रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "आमटी बरी आहे. मीच आज खारट आहे."

मुक्ता हसली आणि गुळाचा दुसरा खडा तिने स्वतःच खाल्ला.

पेठेत माझे नाव झाले. मी थोडा फुगलोही, पण तांब्या मुळातच फुगीर असतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

मग अनंतराव स्वारीबरोबर कर्नाटकात गेले. लढायला नव्हे, पत्रे लिहायला. आठ महिन्यांनी एका दुपारी लष्कराचा निरोप्या, गेनबा, दारात उभा राहिला. कडक ऊन होते आणि त्याचे पागोटे डोक्यावर नव्हते, काखेत होते. मथुराबाईंनी ते पागोटे पाहिले.

"बाई, निरोप हाय."

"आधी पाणी."

गेनबाने ओंजळ धरली. मी संपत आलो, तसे मथुराबाईंनी मला रांजणात बुडवले. पुन्हा धार, पुन्हा रांजण. पाणी संपेपर्यंत बोलायचे नाही, हा नियम. मथुराबाई ते संपूच देत नव्हत्या. नवरा गेला की बायकोचे केस उतरवायचे, अशी ब्राह्मणांच्या घरांत तेव्हा रीत होती. बातमी ओसरीवरच थांबली असती, तर मुक्ताचे केस डोक्यावर राहिले असते. स्वतःच्या डोक्यावरच्या पदराखाली काय आहे, हे मथुराबाईंच्या हाताला रोज लागत होते.

पाचव्या तांब्याला गेनबा म्हणाला, "बाई, प्वाट फुटंल आता."

"फुटू दे. तोंड मात्र उघडू नकोस."

तेवढ्यात मुक्ता बाहेर आली. तिने ओसरीभर सांडलेले पाणी पाहिले. काखेतले पागोटे पाहिले. सासूचा पुन्हा रांजणाकडे वळलेला हात पाहिला. मग तिने मला त्या हातातून हळूच काढून घेतले.

"सासूबाई, बसा. आज तुम्ही प्या."

"मला तहान नाही गं, मुक्ते."

"नाही कशी? मुलगा तुमचाही गेलाय."

मथुराबाई बसल्या. माझ्यातले सगळे पाणी प्यायल्या. मी रिकामा झालो आणि गेनबाने निरोप सांगितला. दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी मध्येच अडकलो होतो. तक्रार केली नाही.

दहाव्या दिवशी न्हावी आला. बाहेरून आलेला, म्हणून त्यालाही आधी पाणी. मथुराबाईंनी धार धरली ती धरलीच. शेवटी तो म्हणाला, "बाई, हात ओलं झाल्यात. वस्तरा धरवत न्हाई." शेजारीच पंचा वाळत होता. त्याला तो दिसला नाही. अकराव्या दिवशीही दिसला नाही.

बाराव्या दिवशी भाऊबंद आले. ते पाणी प्यायला थांबले नाहीत. "मथुराबाई, पुरे झालं," असे म्हणून एकाने मला त्यांच्या हातातून घेतले आणि उंच फळीवर उपडे ठेवले. उपड्या भांड्याला दिसत काही नाही, पण ऐकू येते. वस्तऱ्याचा आवाज अगदी लहान असतो, मित्रांनो.

संध्याकाळी मुक्ता ओसरीवर येऊन बसली. मथुराबाईंनी फळीकडे हात वर केला, तो पोचेना. मग त्यांनी रांजणातले पाणी स्वतःच्या ओंजळीतच आणले. निम्मे वाटेत सांडले. उरलेले मुक्ता प्यायली.

पुढे कोणी मला खाली काढले नाही. मी हिरवा पडलो. त्या दोघी गेल्यावर घरात जे आले, ते बातम्या उंबऱ्यातूनच ओरडून सांगतात आणि भांडणे उभ्याउभ्या करतात. मला चिंच लावून घासा, असे मी म्हणत नाही. घासलेत तर नाही म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की घरी कोणी तापून आले तर त्याला आधी बसवा. आणि जी सगळ्यांना पाणी देते, तिलाही कधी तरी विचारा, तुला हवे का म्हणून.

बाकी, सरकारच्या दफ्तरी अर्ज गुदरतो तो ऐसा: कसबे पुणे येथील समस्त वाईट बातम्यांस सक्त ताकीद व्हावी, की त्यांनी कोणाच्याही दारी गेल्यास प्रथम ओसरीवर बसून पाणी प्यावे, आणि पाणी संपताच काही न बोलता आल्या वाटेने परत जावे. हुकूम होईतो अर्जदार फळीवर हजर आहे. कळावे, हे विज्ञापना.