अर्धा सासरी, अर्धा माहेरी

“दाजी, काठी आवरा. फाटक माझं आहे.”

खलाशानं काठी आवरली नाही. पत्र्याच्या फाटकावर आणखी एकदा हाणली. आत अंगणात त्याचा मेहुणा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यामागे गवंडी वाळू-सिमेंटचा माल कालवत होता.

“फाटक तुझं, अंगण तुझं. तो एक दगड माझा आहे.”

“तुमचा अर्धा तुमच्या कपाटात आहे. हा माझा अर्धा, ताईनं वाटून दिलेला. मी त्याच्यावर सिमेंट ओतीन नाहीतर त्याला चुलीत घालीन.”

“दगड जळत नाही, मेहुणबुवा.”

“मग सिमेंटच ओततो.”

गवंड्याला हसू आलं. दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मान खाली घालून जोरात फावडं मारू लागला.

खलाशानं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. त्याचं सगळं आयुष्य पाटीच्या दगडाच्या खाणीत गेलं. खाणीतून मोठे चिरे यायचे, त्यांना थर पाहून छिन्नी लावायची आणि छपरावर घालायच्या पातळ पाट्या काढायच्या. ‘खलाशी’ हे नाव त्याला मेहुण्यानं दिलं. ते गावभर झालं, आणि पुढे पोस्टमनही त्याच नावानं विचारू लागला.

कधी कधी पाटी उलगडली की आत किडा दिसायचा. फासळ्या फासळ्यांचा, झुरळासारखा, पण डोकं खेकड्याच्या पाठीसारखं. अशी पाटी छपराला चालत नसे. पाणी तिथूनच झिरपायचं. मुकादम शिव्या घालायचा आणि चिरा ढिगावर फेकायला लावायचा. किडा दगडात शिरला कसा, यावर कामगारांत बरीच भांडणं झाली होती. मेहुण्याचं म्हणणं, लाकडाला लागतो तसा दगडालाही लागतो. मेहुणा त्याच खाणीत हातोडा चालवायचा.

मग एकदा कॉलेजातल्या एक बाई ढिगावर आल्या. गुडघे टेकून दगड उलटेपालटे करत बसल्या. खलाशानं त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की हे ट्रायलोबाइट. अंगाचे तीन उभे भाग असतात म्हणून तसं नाव. हे समुद्राच्या तळाशी सरपटायचे. इथं समुद्र होता. तळाला गाळ बसत गेला, थरावर थर, दाबून दाबून त्याची पाटी झाली. तेव्हा माणूस सोडाच, जमिनीवर झाड नव्हतं, आभाळात पाखरू नव्हतं.

“इथून समुद्राला जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात बाई,” खलाशी म्हणाला होता.

“आता लागतात,” बाई म्हणाल्या.

ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दर सुटीला तो ढिगावर जाऊ लागला, आणि बायकोला घेऊन जाऊ लागला. बायकोशिवाय त्याचं चालत नव्हतं, कारण कान तिचा होता. ती खाणीत पाट्या रचायची. चिऱ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. चिरा खणखणला तर कोरा. बद्द वाजला तर ती म्हणायची, “ह्यात कुणीतरी आहे.” काहीतरी असं ती कधी म्हणाली नाही, तिचं नेहमी कुणीतरीच असायचं.

सगळ्यात मोठा तिलाच ऐकू आला. तळहात भरून उरेल एवढा. खलाशानं छिन्नी धरली, मेहुण्यानं घाव घातला, आणि चिरा पुस्तकासारखा उघडला. एका पाटीवर किडा उंच उठलेला, दुसरीवर त्याचाच खोलगा, फासळीला फासळी. कामगारांत रीत होती, की ज्याच्या कानानं सापडला त्यानं वाटणी करायची, आणि ती वाटणी कुणी मोडायची नाही. तिनं एक पाटी नवऱ्याच्या हातात दिली, दुसरी भावाच्या.

“अर्धा सासरी, अर्धा माहेरी,” ती म्हणाली. “आता मला दोन्हीकडे यायला-जायला निमित्त झालं.”

“निमित्त कशाला? तू तर रोजच येतेस नि माझा चहा संपवतेस,” मेहुणा म्हणाला होता. तेव्हा तो हसायचा.

पुढे तिची छाती भरली. पाटीची धूळ बारीक असते, उन्हात चमकते, डोळ्यांना बरी दिसते. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला. ती गेली त्या आठवड्यात मेहुण्यानं अंगणात फरशी घातली. आपली पाटी त्यानं घराच्या उंबऱ्यासमोर, पाय पडेल तिथंच, खोलगा वर करून सिमेंटात बसवली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, “पाय पुसा त्याच्यावर. चांगला घासून पुसा. माझी बहीण खाल्लीय त्यानं.”

खलाशी तेव्हापासून त्या उंबऱ्याला गेला नव्हता. फाटकातून मात्र रोज पाहायचा. मेहुण्याचा एक अंदाज चुकला होता. उंचवटा पायानं झिजतो. खोलग्याला पाय पोचत नाही. कडा गुळगुळीत झाल्या, पण आत फासळ्या तशाच राहिल्या. पाणी साचलं की चिमण्या प्यायला यायच्या.

आणि आता मेहुण्यानं टेंपो घेतला होता. टेंपो अंगणात घ्यायचा तर पातळ फरशी टिकणार नव्हती, म्हणून वरून सगळं सिमेंट. माल एकदा त्या खोलग्यात भरला, की फासळी न् फासळी बुजणार होती.

“काढू दे मला ती पाटी,” खलाशी म्हणाला. त्याला हे बोलायला फार जड गेलं.

मेहुण्यानं फाटक उघडलं. “या की! काढा. तुम्ही तर कारागीर. पण फुटली तर माझ्या नावानं गळा काढायचा नाही.”

खलाशी आत गेला. उंबऱ्याजवळ उकिडवा बसला, पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. सिमेंट पाटीला चारी बाजूंनी धरून होतं. पहार लावली असती तर पाटी थराथरांनी सुटली असती आणि हातात नुसत्या खपल्या आल्या असत्या. हे त्याला दिसलं, आणि मेहुण्यालाही आधीपासून माहीत होतं. म्हणूनच त्यानं फाटक उघडलं होतं.

“काय खलाशी? गळ लागत नाही?”

“सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही.”

“माझा सुंभ तुम्हीच जाळलात! रविवारसुद्धा सोडला नाहीत. खोकत होती तरी नेलीत तिला त्या ढिगावर. इथं समुद्र होता, इथं समुद्र होता! गाळ होता म्हणे त्याचा. तोच गाळ बसला ना तिच्या छातीत? थरावर थर? सांगा ना, बाईंनी शिकवलंय ते!”

खलाशी उठला. “तिला खाणीत घातलं कुणी? मी? लग्नाच्या आधी ती पाट्या रचत होती. तुझ्या बापानं लावली कामाला. तुझ्या शाळेसाठी! आणि शाळेत जाऊन तू काय दिवे लावलेस, तर हातोडा!”

“बापाचं नाव काढू नको!” मेहुणा म्हणाला. बहीण गेल्यावरही त्यानं दाजींचं ‘तुम्ही’ सोडलं नव्हतं. शिव्यासुद्धा ‘तुम्ही’ लावूनच द्यायचा. आज ते सुटलं.

फाटकात खलाशाची मुलगी येऊन उभी राहिली होती. हातातली भाजीची पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

“झालं?” ती म्हणाली. “तुम्हा दोघांत कोण जिंकलं, ते मला सांगा. म्हणजे मी आईला कळवते.”

गवंड्यानं फावडं थांबवलं.

“मामा, तुम्ही तिला पायाखाली घातलंत. बाबा, तुम्ही तिला कपाटात घालून कुलूप लावलंत. माझ्या घरात सुई ठेवायला जागा नाही, सगळीकडे दगड. मला कुणी विचारलं, तुला काय हवं? ती माझी आई होती.”

“तुला काय हवं?” खलाशानं विचारलं.

“आता सुचतंय विचारायला!” ती म्हणाली आणि निघून गेली.

गवंडी खाकरला. “आजोबा, माल सुकतोय.”

“किती जाड घालणार आहेस?”

“चार बोटं.”

“त्या उंबऱ्याजवळचं शेवटी घाल.”

“तो कोण सांगणारा?” मेहुणा ओरडला. पण गवंड्यानं सुरुवात फाटकाच्या बाजूनं केली होती, आणि उंबरा आपोआपच शेवटी येणार होता.

खलाशी घरी गेला. कपाटाचं कुलूप उघडलं. लहान लहान किडे ओळीनं मांडलेले होते. त्यांतले बरेच म्हणजे नुसती कात होती. हे प्राणी वाढताना जुनं कवच टाकून पुढे जायचे, असं बाईंनी सांगितलं होतं. मोठा मात्र बाईंनी भिंगातून कितीतरी वेळ पाहिला होता. गालाच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. कात टाकताना त्या सुटतात. “ही कात नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “हा स्वतः आहे. एकदम गाळ आला असणार आणि हा निसटू शकला नाही.” तेव्हा बायकोनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं होतं. “मी म्हटलं नव्हतं? कुणीतरी आहे.”

खलाशानं मोठी पाटी टॉवेलात गुंडाळली. किडा नीट बघून घ्यावा असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं टॉवेल पुन्हा उघडला नाही.

तो परत आला तेव्हा गवंडी उंबऱ्यापासून हातभर अंतरावर होता. मेहुणा पायरीवर बसला होता. खलाशी ओल्या मालाच्या कडेकडेनं, भिंतीला धरून आला आणि वाकला. खोलग्यात वाळूचे कण पडले होते. ते त्यानं फुंकून काढले, मग टॉवेलाच्या टोकानं पुसले.

“हे काय चाललंय?” मेहुणा म्हणाला.

“झाकण घालतोय.”

त्यानं आपली पाटी उपडी केली आणि खालच्या पाटीवर हळूच टेकवली. थोडी डावीकडे सरकवली, थोडी मागे. फासळ्या फासळ्यांत बसल्या आणि पाटी एकदम स्थिर झाली. फटीत नखसुद्धा गेलं नसतं. चिरा उघडला नव्हता तेव्हा होता तसा झाला.

“अरे, तुमची पाटी जाईल की!” मेहुणा उभा राहिला. “ती कुणी मागितली नव्हती तुमच्याकडे!”

“तुझ्यासाठी नाही घालत.”

“मग कुणासाठी?”

“तिनं वाटणी केली होती दोन्हीकडे यायला-जायला. आता कुठून येणार ती? एकत्र राहू दे.” मग त्यानं गवंड्याकडे पाहिलं. “ओत.”

गवंडी मेहुण्याकडे पाहत राहिला. मेहुणा परत पायरीवर बसला, तेव्हा गवंड्यानं घमेलं तिरकं केलं. राखी रंगाचा माल पाटीवर पडला, पसरला. गवंड्यानं थापी फिरवली. एकदाच फिरवली, आणि तिथं काही होतं हे कळेनासं झालं.

“मूर्ख माणूस,” मेहुणा म्हणाला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिमेंट पक्कं व्हावं म्हणून गवंड्यानं कडेनं मातीचे बांध घातले आणि अंगणात पाणी सोडलं. खलाशी फाटकाशी आला तेव्हा अंगणभर पाणी उभं होतं. त्यात आभाळ होतं, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होती. मेहुणा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात नळी घेऊन मधोमध उभा होता.

“घ्या तुमचा समुद्र,” तो म्हणाला. “घोट्याएवढाच आहे. बुडायचं असेल तर झोपावं लागेल.”

“तुझ्या पायांची माती पाण्यात जातेय. गढूळ केलंस सगळं. बाहेर हो.”

मेहुण्यानं शिवी दिली, ‘तुम्ही’ लावून. नळी टाकली आणि तो घराकडे निघाला. सरळ गेला असता तर चार पावलांत पायरीवर पोचला असता. पण उंबऱ्याजवळ आल्यावर त्यानं भिंतीच्या बाजूनं वळसा घेतला आणि पायरीवर कडेनं चढला.

खलाशानं काठी फाटकाला टेकवून ठेवली. पाण्यातला गाळ खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.