ह्यातला आपला कोणता?

मी भागूच्या दुकानातली फिरती खुर्ची बोलतेय. जुन्नरच्या बाजारपेठेत, एका अरुंद आळीच्या तोंडाशी आमचं केशकर्तनालय आहे. माझी गोष्ट उभ्यानंच ऐका. कुणी बसलं की मी कुरकुरायला लागते आणि मग माझंच बोलणं मला ऐकू येत नाही. स्वभावच अस्वस्थ माझा. जिच्या पोटात फिरायचं चाक घालून ठेवलंय, ती गप्प बसणार कशी?

पुण्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साल एक्क्याण्णव. एसटीच्या टपावर बांधून मला आणलं, आणि नारायणगावपासून पुढे प्रत्येक खड्ड्याला मी एक गिरकी घेतली. सुरुवातीला लोक केस कापायला कमी आणि फिरून बघायला जास्त यायचे. कापडाचे व्यापारी पोपटलालशेठसुद्धा इकडेतिकडे बघून एक चक्कर मारून घ्यायचे. मग तोंड गंभीर करून म्हणायचे, "मध्यम ठेव रे, भागू." त्यांनी आजतागायत दुसरं काही सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी डिंगोरे गावचे धर्माजी आबा नातवाला घेऊन आले. नातवाचं नाव आदेश. तेव्हा तो एवढासा होता. भागूनं माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकली आणि पोराला तिच्यावर बसवलं. पोरानं असं भोकाड पसरलं की मीच थरथरायला लागले. केस उतरले तसा भागू हसला.

"आबा, डोक्यात दोन भवरे हायेत की! दोन बायका करनार तुमचा नातू."

"एकीतच दमतो मानूस," आबा म्हणाले. "पन जत्रंत हरवला तर बरंय. दोन भवऱ्यांचं पोरगं कुटं बी वळखू येतं."

पुढे आदेश वाढला, फळी गेली, पाय जमिनीला टेकले. माणसांची एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. जो तो माझ्यावर बसतो आणि म्हणतो, "जरा वेगळं करा, भागूदादा." आणि मग आरशाशेजारच्या फोटोकडे बोट दाखवतो, "ह्याच्यासारखं." कधी मधोमध भांग, कधी मानेवर रुळणारे केस, कधी टोपलं पालथं घातल्यासारखा मशरूम कट. पिक्चर बदलला की फोटो बदलायचा, आणि आठवड्याभरात अर्धं जुन्नर त्या फोटोसारखं वेगळं दिसायला लागायचं.

दोन हजार सहा साली तो फोटो थेट कोरियाचा आला.

पोपटलालशेठच्या विपुलनं कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर मांडले होते. परीक्षेचे निकाल बघायला म्हणून येणारी पोरं तिथे गेम खेळत बसायची. एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर, त्यांच्यावर लुटुपुटीची लढाई. डिंगोऱ्याहून कॉलेजला येणारा आदेश त्यात सगळ्यांना भारी. विपुलनं इंटरनेटवर शोधून काढलं की कोरियात पोरं गेम खेळायची नोकरी करतात, त्यांचे सामने टीव्हीवर लागतात, लोक त्यांच्या सह्या घेतात. अशाच एका टीमचा फोटो छापून त्यानं भागूच्या आरशाला चिकटवला. पाच पोरं, पाच चकचकीत जाकिटं. पाचांचे केस कपाळावर पुढे ओढलेले, डाव्या डोळ्यावर उतरलेले आणि तांबूस रंगवलेले.

"भागूदादा, आमच्या पाचही जणांचं हेच करायचं," विपुल म्हणाला. "पुण्यात स्पर्धा आहे. टीम म्हणजे टीम. एकसारखे दिसलो की समोरचे निम्मे तिथेच हरतात."

आता कोरियाचे केस सरळ आणि आपल्याकडचे आडदांड. विपुलचा चुलतभाऊ रिंकू, तोही टीममध्येच, त्यानं केस सरळ व्हावेत म्हणून कपड्यांची इस्त्री फिरवली आणि कानाचा शेंडा भाजून घेतला. रंगासाठी सगळ्यांनी मेंदी लावली. तांबूस व्हायचं ते गाजरासारखं झालं. पण पाचांचंही तसंच झाल्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. सगळ्यात जास्त हाल आदेशचे. त्याचे दोन भवरे केसांना दोन दिशांना ओढायचे. रोज सकाळी तो यायचा, भागू जेल थापून ते केस खाली बसवायचा, आणि आदेशची बोटं माझ्या हातांवर टकटक वाजत राहायची. जणू मीही कीबोर्डच. त्याची ती तगमग माझ्या स्क्रूपर्यंत पोचायची.

एका बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानासमोरच गंमत झाली. आबांनी मागून एका पोराचा हात धरला आणि ओढायला लागले, "चल रं आदेश, येष्टी सुटंल." पोरानं वळून बघितलं तर तो रिंकू. सगळी आळी हसली. आबा नाही हसले.

खरा आदेश माझ्यावर बसला होता. आबा आत आले.

"ते डोळ्यावरचं काप."

"न्हाई कापनार, आबा. टीममधनं काढत्याल मला."

"मंग मला नातू कोन, ते बी टीमलाच इचार."

त्या दिवसापासून आजा-नातवाचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका ताटलीतल्या भाकरीवर, आणि बोलणं नाही. मला त्या दोघांचाही राग यायचा. रागानं मी उगीचच डावीकडे वळायचे.

पुढे आबा दाढीला आले. पार खंगले होते, नजरही उतरली होती. भागूनं फेस लावला आणि आबा आरशाजवळच्या फोटोकडे वाकून बघत राहिले.

"भागू, ह्यातला आपला कोनता? मधला ना?"

भागूचा वस्तरा थांबला. "आबा, ही कोरियाची पोरं हायेत. आपला न्हाई ह्यात."

आबांनी फोटोतल्या पाचही जणांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्या रोज घरात बघतो तरी फसलो." फेस पुसून झाल्यावर त्यांनी भागूचा हात धरला. "एक ध्यानात ठेव. माझ्या दहाव्याला तूच येशील. त्या पोराच्या केसाला हात लावू नको. त्याचं मन हाय त्या खेळात. दुसऱ्याच्या धाकानं काढल्यालं केस मला नगंत."

भागू "हूं" म्हणाला. मला मात्र त्या वेळी आबांच्या बुडाखाली फिरणं जमलं नाही.

महिन्याभरात आबा गेले. आमच्याकडे रीत अशी की दहाव्याला नदीवर भावकीतले सगळे बाप्ये केस देतात, लेक आणि नातूसुद्धा. आणि स्पर्धा नेमकी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी! विपुल माझ्यावर बसूनच आदेशला म्हणाला, "बघ बाबा, वाईट वाटतं. पण तू चकोट होऊन आलास तर टीमचा पार चोथा होईल. राजुरीचा एक जण तयार आहे तुझ्या जागी."  आदेशचा चेहरा मला आरशात दिसत होता, तो बघवत नव्हता.

नदीवर मी नव्हते. भागूनं सांगितलं ते असं: आदेशचे वडील गोरख बसले, चुलते बसले, सगळ्यांचे केस उतरले. आदेशची पाळी आली तेव्हा भागूनं रीतीपुरती एक बट घेतली आणि त्याला उठवलं. भावकी नाही नाही ते बोलली. आदेश खाली मान घालून पाण्यात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण दुकानात आले. बाहेर जीप उभी. आदेश बसला, भागूनं जेलचा डबा उघडला.

"भागूदादा," आदेश म्हणाला, "काल मला का सोडलं?"

भागूनं सांगून टाकलं. फोटोतला आपला कोणता, हे आबांनी विचारलेलंही सांगितलं. ऐकता ऐकता माझ्या हातांवरची टकटक थांबली. इतक्या वर्षांत त्याची बोटं मी पहिल्यांदा स्थिर पाहिली.

"काढा समदं," आदेश म्हणाला.

"अरे, वेडा झालास का?" विपुल ओरडला. "आत्ता?"

"आत्ताच. घ्यायचं तर घ्या मला, न्हाई तर राजुरीवाल्याला बोलवा. काढा, भागूदादा."

वस्तरा फिरला. गाजरी केस माझ्यावर पडले, आदेश रडला, आणि भागूनं त्याचे डोळे स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं पुसले. मागे दोन भवरे उघडे पडले, अगदी फळीवरच्या पोरासारखे. मला इतकं भरून आलं की मी कुरकुरायचीही विसरले.

विपुल दारात येरझाऱ्या घालत होता. शेवटी रिंकू भाजलेला कान चोळत म्हणाला, "भाई, खेळायचं बोटांनी आहे ना? मग चला की." विपुलनं कपाळावरचे केस फुंकरीनं उडवले. "बस जीपमध्ये. पण फोटोच्या वेळी मागे उभा राहा."

दुसऱ्याच फेरीत हरले लेकाचे. तरी तालुक्याच्या पेपरात फोटो आला. पुढे चार जण डोळ्यांवर केस घेऊन उभे, कोण कुठला ते त्यांच्या आयांनाही सांगता येऊ नये असे. मागे आदेश, आणि कॅमेऱ्याचा सगळा उजेड त्याच्याच डोक्यावर. मग काय, पंधरा दिवसांत पोरं भागूकडे चकोट करून मागायला लागली. एक आई चप्पल घेऊनच आली, "घरात कुनी मेलंय का रं?"

आता भागूनं नवी खुर्ची घेतलीय. माझं रेक्झिन फाटलं, स्पंज बाहेर आला, चाक अडकतं. मी कोपऱ्यात वाट बघणाऱ्यांना बसायला. भंगारवाला दोनदा बघून गेला. द्यायचं तर द्या मला, पण तोवर माझं तोंड आरशाकडेच असू द्या. तिथे आता कोरिया नाही, पेपरातला तो फोटो आहे.

परवा आदेशची आजी, कुशाबाई, बाजाराला आली होती. दमली म्हणून माझ्यावर टेकली. तिची नजरही आता आबांसारखीच झालीय. ती उठली, आरशापाशी गेली, फोटोला नाक लावून बघायला लागली. माझा जीव वरखाली. आता विचारेल, ह्यातला आपला कोणता?

तिनं एक बोट उचललं आणि सरळ मागच्या पोरावर ठेवलं. कुणालाच काही विचारलं नाही.