योर्दानिसची मेल्पो

क्लेआन्थिस मास्तरांकडे मी पाचव्यांदा गेले, तेव्हाही त्यांनी तेच ऐकवलं. "अहो स्तामातियाबाई, नाव आहे की यादीत! मेल्पोमेनी देमिर्जोग्लू. आता एकच नाव दोनदा कोरू का?"

"दोनदाच कोरा. बायका दोन होत्या."

निवृत्त झाल्यापासून हे मास्तर ग्रीसमधल्या आमच्या कवाला बंदराच्या इतिहासाचे मालक झालेत. पाणी वाहून आणणाऱ्या जुन्या कमानी, वरचा किल्ला, कोणती वखार कोणी बांधली, सगळं तोंडपाठ. आता त्यांच्या मंडळाने तंबाखूच्या एका जुन्या वखारीवर तंबाखू कामगारांच्या संपातल्या बायकांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायचं काढलं होतं. माझी आई त्या संपात होती. एकोणीस वर्षांची पोर, अकरा दिवस वखारीत कोंडून घेतलेली, खिडकीतून दोरीला टोपली सोडून पाव वर ओढणारी. आज ती ब्याऐंशीची आहे. मला दोन मुलगेच, त्यामुळे तिचं नाव पुढे चालवणारं घरात कोणी नाही. ते तिच्या डोळ्यांदेखत त्या पाटीवर लागावं, एवढंच तिला हवं होतं.

घोळ घातला तो आमच्याच रीतीने. आजीचं नाव नातीला. योर्दानिस आणि प्रोद्रोमोस हे दोघे सख्खे भाऊ. दोघांनीही थोरल्या मुलीला आपल्या आईचं नाव दिलं. गल्लीत त्यामुळे काही अडलं नाही. एक योर्दानिसची मेल्पो, ती माझी आई, आणि दुसरी प्रोद्रोमोसची मेल्पो. पाटीवर मात्र बापाचं नाव घालायचं नाही, कारण ओळी लांबतात म्हणे!

आणि प्रोद्रोमोसची मेल्पो संपात नव्हतीच. ते अकराही दिवस ती शेजारच्या वखारीत मागच्या दाराने कामावर जात होती. ती जाऊन वीस वर्षं झाली, तिची उणीदुणी काढायची मला हौस नाही. पण तिच्या लेकीने, देस्पिनाने, मंडळाचा अर्ज पहिल्याच दिवशी भरून दिला. आमचा आठवड्याने गेला. मास्तरांनी 'नाव पूर्वीच आले आहे' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला.

"म्हणजे तुमच्या यादीत प्रोद्रोमोसची मुलगी आहे," मी म्हणाले. "ती संप फोडणारी होती हो!"

"असं तोंडी कसं चालेल? साक्षीदार आणा. तेव्हा आत असलेल्या दोन बायका आणा, मी लगेच बदलतो."

घरी आले तेव्हा आई शेंगा सोलत बसली होती. तिला सांगितलं.

"साक्षीदार?" तिने शेंग परातीत आपटली. "अगं, त्या सगळ्या त्याच्या यादीत आहेत! एक जरी जिवंत असती, तर कान धरून त्या टकल्याच्या दारात उभी केली असती."

"जाऊ दे ना आई. नाव तर तुझंच दिसणार. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय. आणि ती वर बसून हसत असेल, त्याचं काय?"

मास्तरांचा राग मी भांड्यांवर काढला.

रविवारी सकाळी पाटीच्या अनावरणासाठी वखारीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. देस्पिना मुलाबाळांसकट पहिल्या रांगेत, हातात तांबडी फुलं. आम्ही चौथ्या रांगेत. आमच्याकडे अशा वेळी नावं पुकारतात, आणि गेलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांनी 'हजर' म्हणायचं असतं. मास्तर माईकवर एकेक नाव वाचू लागले. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती.

"मेल्पोमेनी देमिर्जोग्लू!"

"हजर!" देस्पिना आणि तिची पोरं एका सुरात ओरडली.

आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. तिला उठायला वेळ लागतो. उभी राहिली तोवर टाळ्याही थांबल्या होत्या.

"हजर!" ती म्हणाली. आवाज चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "योर्दानिसची मेल्पो. मी हजर आहे, जिवंत आहे!"

सगळे मागे वळून बघू लागले. देस्पिनाने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं, चष्मा सारखा केला. मग अगदी मायेने, लहान मुलाला समजवावं तसं, माईकवरूनच म्हणाले, "आजी, ते नाव झालं. बसा आता."

आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं.