दुपारी बाराचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पाणीपुरवठा कचेरीच्या गच्चीवर, टाकीला खेटून उभा असतो. आवाज दांडगा असला तरी स्वभावाने मी अबोल. महिन्यातून एकदाच तोंड उघडतो.

बलाढ्य देश एकमेकांवर तुटून पडले होते, त्या दिवसांत मला घडवलं. मला दोनच सूर येतात. चढउतार करत वाजलो की विमानं येताहेत, तळघरात पळा. सरळ एकसारखा वाजलो की धोका टळला, वर या. तेव्हा हे शेंबड्या पोरालाही कळायचं. माझ्यामुळे जीव वाचले म्हणून लोक माझं कौतुक करायचे.

मग शांतता आली आणि टिकली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला मला मिनिटभर सरळ वाजवून बघत. लोक त्यावर घड्याळं लावू लागले, डबे उघडू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

यंदा कचेरीत नवे साहेब आले. म्हणाले, मोठ्या देशांची आपसातली युद्धं आता इतिहासजमा झाली, हे धूड खाली उतरवा. मला तेलपाणी करणारा मिस्त्री हट्टाला पेटला. इतकी वर्षं झालं नाही म्हणजे पुढे होणारच नाही, असं कुणी लिहून दिलंय का, असं त्याचं म्हणणं. शेवटी ठरलं, कुणालाही न सांगता एकदा धोक्याचा सूर वाजवायचा. एक जरी माणूस तळघरात गेला तर मी राहणार, नाही तर भंगारात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरालाच मी जीव तोडून ओरडलो. अन् काय सांगू, समोरच्या शिंप्याने घड्याळ तासभर पुढे केलं! कचेरीतल्यांनी डबे उघडले. साहेब हसले आणि तेही जेवायला बसले. मिस्त्रीचा चेहरा पार उतरला.

पुढचं मला मिस्त्रीनेच तेल घालताना सांगितलं. एक वाजता त्याची शेजारीण रडत आली. मिस्त्रीच्या आईकडे तिने आपलं पोर सांभाळायला ठेवलं होतं, ती दोघंही घरात नव्हती. शोधाशोध झाली. साहेबही निघाले. कचेरीचं तळघर मोडक्या कपाटांनी गच्च भरलेलं. आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून म्हातारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अंधारात बसली होती. पोर मांडीवर झोपलं होतं. लहानपणी ती याच पायऱ्या उतरली होती.

मिस्त्री म्हणाला, "आई, अगं नुसती चाचणी होती ती. चल वर."

ती हलली नाही. "आधी सरळ वाजू दे. मग येते."

साहेब गच्चीवर आले आणि त्यांनी स्वतः माझं बटण दाबलं. इतका सरळ मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

आठवड्याभरात कपाटं हलली. मला गच्चीवरून उतरवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोठी युद्धं खरंच संपली का, मला ठाऊक नाही. संपली असतील तर गच्चीवर उगाच उभं राहायला माझी ना नाही. पण मित्रांनो, तेल घालत राहा, तळघर मोकळं ठेवा. आणि मला एकदा चढउतार करायला लावलंत, तर नंतर सरळ वाजवायला विसरू नका. खाली कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.