कुंपणाचे धनुष्य

मी धनुष्य बोलतोय. जन्माने मात्र मी कुंपण. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण तुम्ही माणसांनी करून ठेवली आहे. आमच्या बाजूने कोणी म्हण केली नाही. केली असती तर ती 'माणसाने कुंपण खाल्ले' अशी झाली असती, आणि तिला पुरावाही होता. तो पुरावा म्हणजे मी.

मला कोणालाही क्षमा करायची नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सगळे गळ्यात गळे घालून रडतात अशी गोष्ट ज्यांना हवी असेल, त्यांनी इथेच थांबावे.

आम्ही कामिनीची झुडपे. पांढरी बारीक फुले, रस्त्याच्या पलीकडे जाणारा वास आणि मनगटाएवढे खोड. झुडपाच्या लाकडाला कोणी विचारत नाही. सागाचे दार होते, शिसवीची खुर्ची होते, आमचे फक्त झुडूप राहते. एका धनुष्य करणाऱ्याच्या घरापुढे, कारखाना आणि रस्ता यांच्या मधे, आम्ही बावीसजण ओळीने उभे होतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक ओटा आणि भिंतीवर हत्यारे. आम्हाला लावले ते त्या घरच्या बाईने, थोरली मुलगी पोटात असताना. दर वर्षी ती आम्हाला कापडाच्या कात्रीने छाटायची. त्यात कात्रीही बिघडायची आणि आम्हीही वाकडे व्हायचो, पण दोघांची तक्रार नव्हती. ती गेल्यावर तीच कात्री थोरलीने उचलली.

घरात आता तिघे होते. आबा, म्हणजे म्हातारा कारागीर. थोरली, म्हणजे त्यांची मुलगी, जी त्यांच्याच हाताखाली सगळे शिकली. आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याने काहीच न शिकता स्वतःच्या नावाची कार्डे छापून घेतली. कार्डांवर 'मॅनेजर' असे होते. मॅनेज करायला घरात एक म्हातारा, एक बहीण आणि एक मांजर. मांजराने पहिल्याच दिवशी नकार दिला. तेव्हापासून आबा त्याला मॅनेजरच म्हणत.

या मॅनेजरला एक खोड होती. भिंतीवरचे कुठलेही धनुष्य उचलायचे, दोरी कानापर्यंत ओढायची आणि बाण न लावताच सोडून द्यायची. टण्ण! आवाज छान येतो. पण धनुष्याच्या धंद्यात याच्याइतके मोठे पाप नाही. दोरी सुटताना जो जोर निघतो, तो बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. बाणच नसेल तर तो जोर जाणार कुठे? माघारी लाकडात शिरतो आणि ते आतून फाडतो.

"अरे, बाण लाव, नाहीतर हात लावू नकोस!" आबा ओरडायचे.

"एकदाच सोडली हो, आबा."

"फाशीसुद्धा एकदाच देतात."

एवढे ऐकूनही पुढच्या वेळी टण्ण. कळत नव्हते असे नाही. लाकूड दुसऱ्याने तासलेले असले की माणसाला त्याचे काही वाटत नाही.

मग मॅनेजरने व्हॅन घेतली. व्हॅन उभी करायला जागा हवी, आणि जागेवर आम्ही. त्याच सुमाराला आबांचा उजवा हात अचानक लुळा पडला आणि त्यांना आठ दिवस इस्पितळात ठेवले. थोरली उशाशी होती. त्या आठ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मॅनेजर भाड्याचे यंत्र घेऊन आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. निदान आपल्याच कोणीतरी आपल्याला मारले, एवढे तरी समाधान. यंत्राला दांडाच नव्हता. शीळ वाजवत त्याने अर्ध्या तासात बावीसजणांना आडवे केले. आमच्या अंगावर फुले होती. शीळ मात्र शेवटपर्यंत बेसूरच होती.

आबांना घेऊन थोरली परतली तेव्हा आमच्या बुंध्यांवर व्हॅन उभी होती.

"ताई, बघ किती मोकळं वाटतं आता! हवा बघ किती येते!"

थोरली व्हॅनला वळसा घालून पुढे गेली. तिने कोपऱ्यातल्या ढिगातून सगळ्यांत जाड खोड ओढून काढले. ते म्हणजे मी.

"चुलीत घालणारेस?" मॅनेजरने विचारले.

"हो," ती म्हणाली.

ती धडधडीत खोटे बोलली, आणि त्या क्षणी मी ओळखले की आमचे जमणार. तिने माझी दोन्ही टोके मेणात बुडवली, म्हणजे सुकताना मी चिरणार नाही, आणि मला माळ्यावर आडवे ठेवले. वर्षभर मी तिथे सुकलो. लाकूड सुकते तेव्हा पाणी जाते आणि उरते तेवढे घट्ट होते. माझ्यात उरला तो डूख. खाली व्हॅन यायची, व्हॅन जायची. प्रत्येक वेळी ती कोणावर उभी राहते, हे मी मोजत असे.

आबा बरे झाले, पण हात थरथरत राहिला. पटाशी धरवेना. मग मॅनेजरने बेत मांडला. कारखाना मोडायचा, ओटा काढायचा, काचेचे दार लावायचे आणि बाहेरून आलेली तयार धनुष्ये विकायची. कप्प्या लावलेली, चकचकीत, खोक्यातली. बोलणी पक्की करण्याआधीच त्याने कोपऱ्यातली सगळी जुनी मुरलेली लाकडे व्हॅनमध्ये भरून टेबले करणाऱ्या एका सुताराला देऊन टाकली. 'व्हॅन त्या बाजूला चाललीच होती,' हे कारण.

थोरली लाकडे रचायच्या रिकाम्या घडवंचीपुढे उभी राहिली. "मला न विचारता?"

"ताई, आबांना आता जमत नाही आणि तुला कोण विचारतं? पहिल्या तारखेला माल येतोय."

कारखान्याची किल्ली आबांच्या कमरेला होती. त्यांनी ती डाव्या मुठीत धरली. "या घरातून आजवर शंभर बाण न सोसलेलं धनुष्य बाहेर गेलेलं नाही. पहिल्या तारखेच्या आत थोरलीनं नवं धनुष्य करावं. शंभर बाण टिकलं तर कारखाना तिचा. नाही टिकलं तर ही किल्ली तुझी, मग तुझ्या कप्प्या आण आणि विहिरीवर लाव."

मॅनेजर हसला. "करू दे की! पण कशाचं करणार? लाकूड तर गेलं. आता काय कुंपणाचं धनुष्य करणार?"

माणूस आपल्याच तोंडाने आपला खड्डा खणतो, तो असा. थोरलीने शिडी लावली.

पुढचे तीन आठवडे मला सोलणे, तासणे आणि वाकवणे चालले. सुखाचे दिवस होते असे मी म्हणणार नाही. पण सूड घ्यायचा तर आकार हवा, आणि आकार फुकट मिळत नाही. माझे खोड वाकडे होते, ते तिने उकळत्या किटलीच्या वाफेवर धरून सरळ केले. साल काढली, पण सालीखालच्या पहिल्या थराला पटाशीचा ओरखडासुद्धा लागू दिला नाही. ती धनुष्याची पाठ. ओढ तिच्यावर येते. तासायचे ते पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या, बाजूने. माझ्या वरच्या हातात, म्हणजे मुठीच्या वरच्या अर्ध्या भागात, एक गाठ होती. सुतार गाठ कापून टाकतो. थोरलीने गाठीभोवती थोडे जास्त लाकूड राखले.

"झुडूप आहे, लांब होणार नाही," आबा ओट्यावरून म्हणाले. "सव्वातीन फूट. छातीपर्यंतच ओढायचं. कानापर्यंत ओढलं तर मोडेल."

"माहीत आहे, आबा."

"तुला माहीत आहे. मी त्याला सांगतोय." त्यांनी माझ्याकडे बोट केले. ते थरथरत होते, तरी नेमके गाठीवर होते.

मग मला भिंतीवरच्या खुंटीला टांगून दोरीने बोटबोटभर खाली ओढायचे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायचे, जो हात कमी वाकतो तो काचेच्या तुकड्याने खरवडायचा, आणि पुन्हा ओढायचे. असे शेकडो वेळा. आबा बघत, "डावा अजून आडमुठा आहे" म्हणत, ती खरवडे. एकदा ती खरवडता खरवडता थांबली आणि हात नाकाशी नेला. लाकडाला फुलांचा वास येत नाही, मी खात्रीने सांगतो. पण तिला आला असावा. मग तिने काच आणखी जोरात चालवली.

महिनाअखेरीच्या सकाळी परीक्षा ठरली. थोरलीने मला दोरी चढवून खुंटीवर ठेवले आणि ती मागे अंगणात भुशाचे पोते उभे करायला गेली. तेवढ्यात मॅनेजर एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांना घेऊन आला. त्यांना आपले होणारे दुकान दाखवायचे होते.

"इथं काच, इथं दिवे," तो हवेत हात फिरवत म्हणाला.

"आणि हे काय? लहान मुलांचं का?" शिक्षकांनी माझ्याकडे बघून विचारले.

"हे? हे आमच्या ताईचं कुंपण!" आणि त्याने मला उचलले. चष्मा नीट केला. दोरी कानापर्यंत ओढली.

याच क्षणासाठी मी वर्षभर माळ्यावर पडलो होतो. त्याचा चष्मा माझ्या वरच्या टोकापासून वीतभर अंतरावर होता. त्याने दोरी सोडली की फुटायचे, दोन्ही हात मोकळे करायचे आणि बावीसजणांचा हिशेब एका तुकड्यात चुकता करायचा, सगळे ठरलेले होते.

तेवढ्यात मागच्या दारात थोरली दिसली. हातात सुतळी, तोंड उघडे.

आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी फुटलो तर याच्या गालावर एक पट्टी लागेल, आणि कमरेला किल्ली. पट्टी आठ दिवसांत निघेल.

टण्ण!

सगळा जोर माघारी माझ्यात शिरला. गाठीशेजारी काहीतरी तट्कन उसवले. मी दात असतील-नसतील ते आवळले आणि धरून ठेवले. तिने राखलेल्या त्या जास्तीच्या लाकडाने मला वाचवले.

"बघा, मोडलंसुद्धा नाही!" मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा होती.

थोरलीने मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि गाठीवरून नख फिरवले. नख अडकले. तिने शेगडी पेटवली. सरस गरम केला, धागा भिजवला आणि चिरेवर घट्ट गुंडाळला. दुपारपर्यंत तो वाळू दिला. तिची मान खाली होती, पण कानशिले लाल होती.

दुपारी आबांनी विचारले, "हा धागा कशाला?"

"रिकामी सोडली."

कोणी, हे आबांनी विचारले नाही. "मॅनेजर," ते म्हणाले, "कारखान्याचा रिवाज ठाऊक आहे ना? शंका घेणाऱ्यानं बाण वेचायचे."

"असा कुठला रिवाज आहे?"

"आजपासून आहे."

जेवणापर्यंत थांबलेले क्रीडाशिक्षक जायला निघाले होते, ते हे ऐकून खुर्ची ओढून बसले. वीस पावलांवर पोते. दहा-दहा बाणांच्या दहा फेऱ्या. दर फेरीनंतर मॅनेजर जाऊन बाण उपटून आणायचा. मोरीचे पाणी जिथे साचते त्या चिखलातून वाट होती आणि त्याच्या पायात नवे बूट होते. पहिल्या फेरीला तो टाचांवर चालला. चौथ्या फेरीला त्याने विजार दुमडली. सहाव्या फेरीला बूट हातात घेतले. थोरली मुद्दाम काही बाण पोत्याच्या पार खाली, चिखलाशी मारत होती. तिचा नेम उत्तम होता.

"ताई, जरा वर मार की!"

"लहान मुलांचं आहे रे. वर जात नाही."

सत्तराव्या बाणाला माझी चीर बोलू लागली. टिक्. फक्त थोरलीला आणि मला ऐकू येईल इतके. ऐंशी. नव्वद. तिने ओढ एक बोटभर कमी केली, म्हणजे तेवढे मला सुसह्य व्हावे. शहाण्णवाव्या बाणाला धाग्याचा एक पदर तुटला. मला कधीही कोणाची दया आली नव्हती आणि स्वतःचीही येऊ दिली नाही. मी फक्त त्या चिखलातल्या अनवाणी पायांकडे बघत राहिलो. तेवढ्यावर माणूससुद्धा बरेच काही सोसतो.

"शंभर," क्रीडाशिक्षक मोठ्याने म्हणाले. मोजणीचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते.

आबांनी कमरेची किल्ली काढली आणि थोरलीच्या तळहातावर ठेवली. मग लोखंडी शिक्का तापवून माझ्या पोटावर घराण्याची खूण उमटवली. भाजले. भाजू दे.

मॅनेजर म्हणाला, "आबा, धागा बांधला होता. हे नियमात..."

"तू आधी पाय धू," आबा म्हणाले.

मॅनेजर लग्न करून वेगळा राहू लागला. खोक्यांचा माल आला, तो त्याच्या बायकोने त्यांच्या बैठकीत रचून ठेवला आहे, आणि तिथे आता बसायला जागा नाही. इकडे आली की व्हॅन आता रस्त्यावर उभी असते. आमच्या बुंध्यांना कोंब फुटले आहेत. थोरली त्यांना पाणी घालते आणि तिने जुन्या कात्रीला धार लावून आणली आहे.

आता माझे. चीर आत बरीच पुढे गेली आहे, बाण सोडायला मी निकामी आहे. कारखान्याच्या दाराशी खुंटीवर मी टांगलेला असतो. काम नसताना धनुष्याची दोरी उतरवून ठेवायची असते, हे थोरलीला माहीत नाही असे कोण म्हणेल? आठवड्याचे सहा दिवस ती उतरवतेही. मॅनेजर आबांना भेटायला येतो तो रविवारी. रविवारी सकाळी मात्र ती माझी दोरी चढवते. गेल्या महिन्यात आबांनी माझी खुंटी स्वतः उपटली आणि वीतभर खाली ठोकली. हात थरथरत असल्यामुळे हातोडा तीनदा चुकला. "वर उगाच कोणाचा हात पुरत नाही," असे काहीसे पुटपुटले.

आतापर्यंत तो हात खिशात घालून आला आणि हात खिशात घालूनच गेला. पण खिशात बोटे वळवळताना मला दिसतात.

वाचकहो, माझी एकच विनंती. भिंतीवर धनुष्य दिसले तर त्याची रिकामी दोरी ओढू नका. त्यात कोणाचे तरी दिवस गेलेले असतात. आणि एखाद्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात आणि चष्मा घातलेला एक गृहस्थ माझ्याकडे हात नेताना दिसला, तर त्याला मात्र हाक मारून थांबवू नका.

बाहेर व्हॅनचे दार वाजले. दोरी चढलेली आहे.