लाल बुरशीचं रान

मी एक जुनी लाल बुरशी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! बुरशी दिसली की लोक आधी डबा फेकतात आणि मग हात धुतात, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म बेंबळीच्या शिवारातला. खतासाठी तिथं बिराप्पांनी आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांची मुलगी प्रतीक्षा कॉलेजात शिकत होती. तिनं प्रयोगासाठी तिथली माती नेली. काचेच्या बशीत खाऊ मिळाला आणि मी लालबुंद झाले. माझा रंग पसरला तिथं जंतू वाढेनात; माझ्याभोवती स्वच्छ कडं उमटलं. प्रतीक्षा बशी उजेडात धरून हसली. माझ्याकडे पाहून तोवर कुणीच हसलं नव्हतं.

सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहणार, म्हणून तिनं मला घरी आणलं. माझ्यातून काढलेला रंग बाटलीत होता आणि मी एका नळीत. बिराप्पांनी ती बाटली पाहिली. कोकरांच्या पाठीवर खुणेचा रंग लावायचाच होता. झालं! सगळी कोकरं लाल.

"आबा, अवो ती माझ्या प्रयोगाची बाटली व्हती!"

"मला काय ठावं? पर रंग लई झ्याक बसलाय बघ."

"बशीत जंतू मरत्यात म्हणून कातडीला चालंलच असं न्हाय. आधी धुवा ती कोकरं!"

आबांनी एकेक कोकरू धुतलं. रंग सगळा वाहून गेला; उरले ती नळीतली मी एकटी.

पुढे प्रतीक्षाला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिनं मला घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. म्हणाली, "आबा, ही नळी जपा. सुट्टीला आले की हिला नव्या खाऊवर लावते. मग पुन्यांदा रंग काढू."

तेव्हापासून आबा नळीला कुणाला हात लावू देत नाहीत. फोनवर विचारतात, "बाई, तुझ्या बुरशीला कवा खायला घालतीस?"

"पुढच्या सुट्टीला, आबा."

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मला तिची फार आठवण येते. तिचं ते हसू पुन्हा एकदा पाहावंसं वाटतं. पण नळीतला खाऊ आटला आहे, माझ्या कडा सुकल्या आहेत. मित्रांनो, भाकरीवरची बुरशी खुशाल फेका. मात्र आपल्या भरवशावर कुणी जगत असेल, तर त्याला पुढच्या सुट्टीचा वायदा करू नका.

आज आबांनी नळी उजेडात धरली, अगदी तिच्यासारखीच. माझ्या सुकलेल्या कडा न्याहाळल्या.

"चारा सरला की म्या मेंढरं दुसऱ्या रानात न्हेतो," ते पुटपुटले. मग त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि शेजाऱ्याला हाक मारली, "पुण्याची एस्टी कवा हाय रं?"